पुस्तकाच्या चित्रापुढची ओळ

३ नोव्हें., सोमवार

बाजाराचा आठवड्याचा अहवाल आला. बाजार म्हणजे तो, वेबसाइटवरचा. मंडईत निदान माल हातात घेऊन बघतात. लाल बाण, खाली तोंड करून. वर लाडीगोडी : "हाय सुजाता! तुमचं दुकान सध्या थोडी विश्रांती घेतंय!" विश्रांती नाही हो, मरतंय. मरणाऱ्यालाही हे लोक हसरा चेहरा चिकटवून पाठवतात.

तुळशीची लग्नं लागली, म्हणजे माझा हंगाम सुरू. गेली चार वर्षं या दिवसांत मान वर करायला फुरसत नसायची. लग्नाच्या बायोडेटाचे नमुने. लोकांनी विकत घ्यायचे, आपली माहिती भरायची, फोटो लावायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून द्यायचा. आज दिवसभरात एक विक्री आणि एक अभिप्राय. एक स्टार. "डिझाइन छान आहे, अक्षरही सुंदर. पण जातीचा कॉलम नाही. पैसे वाया."

नाही. नाहीच आहे. तो नसावा म्हणून तर हे दुकान काढलं. जात नाही, पोटजात नाही, रास-नाडी-गण नाही, वर्ण नाही. (गव्हाळ! माणूस आहे की पोतं?) त्या जागी मी ओळ घातली, "आवडते पुस्तक". तिच्याआधी उघड्या पुस्तकाचं छोटं चित्र, आधी हाताने काढलेलं, मग संगणकावर घेतलेलं. त्याचं डावं पान उजव्यापेक्षा जरा आखूड राहिलं. मला ते आवडलं, तसंच ठेवलं.

एक स्टार. ठीक आहे. आणखी द्या.

६ नोव्हें.

एका गिऱ्हाइकाने फाइल पाठवली, "मॅडम फोटो गोल होत नाहीये, जरा बघता का". बघितलं. फोटो गोल करून दिला. मग सहज नजर खाली गेली.

आवडते पुस्तक : ९६ कुळी मराठा.

पुन्हा वाचलं. मग चार वर्षांत दुरुस्तीला आलेल्या सगळ्या जुन्या फाइली काढून बसले. आवडते पुस्तक : देशस्थ ऋग्वेदी. आवडते पुस्तक : हिंदू माळी, एकनाड चालणार नाही. आवडते पुस्तक : लिंगायत वाणी (शाकाहारी). सगळ्यांत खरं पुस्तकाचं नाव लिहिणारी फक्त एक मुलगी निघाली, तीही स्पर्धा परीक्षेचं गाइड.

म्हणजे मी चार वर्षं समजत होते की लोक माझा विचार विकत घेतात. ते जागा घेत होते. मी भिंत घालायची, त्यांनी त्यातच कोनाडा करायचा आणि देव बसवायचा.

आईला सांगितलं. ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती, तिला कशाचं आश्चर्य वाटत नाही. म्हणाली, "पुस्तक वाचतंय कोण सुजे? मोकळी जागा दिसली, भरली त्यांनी."

मला हसू आलं नाही. अजून येत नाहीये.

१० नोव्हें., सोमवार

बाजाराची नोटीस. माझ्या दुकानाला "निवडक विक्रेता" असा शिक्का आहे, त्यामुळे शोधणाऱ्याला पहिल्या पानावर दिसतं. १५ डिसेंबरला फेरतपासणी. विक्री अशीच राहिली तर शिक्का जाणार, दुकान मागच्या पानांवर. मागच्या पानावर कोणी जात नाही. तिथे फक्त आम्हीच एकमेकांना दिसतो.

खाली उपायही दिलाय. "तुमच्या विभागातले खरेदीदार हे शब्द शोधतात : कास्ट, कुंडली, गोरी, सुसंस्कृत घराणं." आणि एक हिरवं बटण : "सगळे एका क्लिकमध्ये जोडा."

त्या बटणाचा हिरवा रंग इतका टवटवीत आहे! पूर्वी हे सगळं सांगायला गावात निदान एक म्हातारा पारावर बसायला लागायचा. त्याला खोकला यायचा, त्याला लाज वाटण्याची थोडी तरी शक्यता होती.

दुकान गेलं तर बाणेरच्या त्या जाहिरात एजन्सीत नोकरी. बिल्डरांची माहितीपत्रकं. बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पिणारं जोडपं, दोघंही अर्थातच गोरी, मागे डोंगर, जो प्रत्यक्षात त्यांनीच पोखरलेला. ते करायचं नाही म्हणून तर...

१४ नोव्हें.

सापडलं. विक्री कुठे गेली ते सापडलं.

"मंगलधागा" नावाचं दुकान. पहिल्या पानावर, पहिलं. तीच चौकट, तोच निळा, तेच अक्षर, मधली जागासुद्धा तेवढीच. माझा नमुना उचललाय. कोपऱ्यात गणपती, तळाशी कुंडलीचा चौकोन, एवढी भर.

आणि माझं पुस्तक आहे. डावं पान आखूड असलेलं. त्यापुढे : "जात / पोटजात".

उघडं पुस्तक आणि त्याच्यापुढे जात. ज्याने केलं त्याला चित्र काढून टाकायचाही कंटाळा आला, किंवा ते त्याला शोभेचं वाटलं. हा देश एका चित्रात सांगायचा असता तर मला हे सुचलं नसतं.

"चोरीचा राग नाही, विचाराच्या विटंबनेचा राग आहे" असं वाक्य आत्ता लिहिणार होते. सभेत टाळी मिळाली असती. चोरीचाही राग आहे. भरपूर.

१५ नोव्हें.

जेवताना दीपूला सांगितलं. (धाकटा भाऊ, दीपंकर. खराडीला सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे मिळतात, आमच्या घराण्याला साजेशी नोकरी.)

"ताई, एक ओळ आहे गं. घालून टाक, दुकान वाचेल. ऑप्शनल ठेव."

"ऐच्छिक जात! वा. हा शोध आधी लागला असता तर आजोबांची केवढी पायपीट वाचली असती."

"बघ, लगेच. तुझ्याकडे मीठ मागितलं तरी तू व्यासपीठावर चढतेस."

आई : "आधी जेवा. व्यासपीठ कुठे पळून जात नाही."

मोबाइलवर मंगलधागाचा नमुना उघडून त्याच्यापुढे धरला. एरवी माझ्या डिझाइनमध्ये नाक खुपसायला पुढे असतो. आज मान वळवली. "माहितीये गं, असंच चालतं सगळीकडे." आणि न मागता ताट उचलून गेला.

१९ नोव्हें.

चोरीची तक्रार केली. मूळ कच्ची चित्रं जोडली. पेन्सिलीतलं पुस्तक, आखूड पानाला बाण दाखवून. शेवटचं अक्षर टाइप करून हात काढतेय तोच उत्तर : "आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

तुला आहेत का, ते आधी सांग.

२६ नोव्हें., बुधवार

संविधान दिन. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत भाषण. मांडव, सतरंजी, पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक, मागे खाऊची वाट बघणारी पोरं. आधी एका मुलीने उद्देशिका वाचली. स्वच्छ, न अडखळता. तेवढ्यासाठी आल्याचं सार्थक झालं.

मग मी. "आवडते पुस्तक : ९६ कुळी" सांगितलं, मांडव हसला. हसू ओसरायच्या आत पकडलं त्यांना. म्हटलं, मतदानाच्या यादीत आपण सगळे एका ओळीत उभे राहतो आणि लग्नाच्या यादीत परत आपापल्या दावणीला जातो. आजोबांचं सांगितलं. खडकीच्या कारखान्यातून सुट्टी टाकून दीक्षेला गेले, पांढरा सदरा घालून लाखांच्या गर्दीत उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या कपाळावर मारलेलं नाव तिथल्या मातीत ठेवून आले. टाळ्या. एक आजी डोळे पुसत होत्या.

शाल, नारळ. चहाच्या वेळी चेअरमनसाहेबांनी बाजूला घेतलं.

"मॅडम, काय बोललात! अंगावर काटा आला. आपण बायोडेटा करून देता ना?"

"हो."

"आमच्या कन्येचा करायचाय. फक्त ती एक ओळ... तेवढी लागेल हो. आम्ही नाही मानत. समोरचे मानतात."

या शहरात जात कोणीच मानत नाही. समोरचे मानतात. समोरच्यांकडे जावं तर ते इकडे बोट करतात.

नारळ बसमध्ये विसरले. विसरले म्हणजे ठेवला.

२८ नोव्हें.

फोन. "मी सौ. ढमढेरे बोलतेय, धायरीहून. मंगलधागाची."

माझा नंबर कुठून मिळाला? तर तक्रारीची प्रत बाजाराने तिला पाठवली, माझ्या नंबरासकट. घरमालकाचा पत्ता चोराला. नियमात बसतं म्हणे.

बाई वधूवर सूचक केंद्र चालवतात. ऑनलाइन दुकान हा जोडधंदा.

"अहो ताई, तक्रार कशाला करायची? एक फोन करायचा. ते कॉम्प्युटरचं माझ्या भाच्याने केलं, मला त्यातलं काही कळत नाही."

"मग पुस्तकाचं चित्र तेवढं का ठेवलंत?"

"किती गोड आहे ते! काढवेना हो."

मी अर्धं मिनिट बोलले असेन, माझ्या वरच्या पट्टीत. त्यांनी ऐकून घेतलं. मग : "आपण असं करू, भागीदारी करू. डिझाइन तुमचं, ओळ माझी. एकदा या तर खरं. तुम्हालाच पटेल."

पटेल! जाणार आहे. पटायला नाही, तोंडावर सांगायला.

२ डिसें., मंगळवार

विश्रांतवाडीहून स्वारगेट, तिथून बस बदलून धायरी. रस्ताभर मनातल्या मनात भाषण रचत गेले. फार चांगलं जमलं होतं.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. बाहेर "चपला येथेच काढाव्यात, वाद घालू नये" अशी पाटी. आत बाई, चष्मा साखळीत अडकवलेला, समोर दोन खुर्च्या आणि मागे भिंतभर लोखंडी कप्प्यांचं कपाट. प्रत्येक कप्प्यावर जातीचं नाव, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेलं. अक्षर अत्यंत नेटकं. अक्षर नेटकं असल्यामुळे आणखीच शिसारी आली.

"इथे भेदभाव नाही हं ताई," बाई म्हणाल्या. "सगळ्या जातींना सारख्या मापाचा कप्पा."

त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. चहा ओतत होत्या.

"आंतरजातीयही ठेवलाय. तो बघा, तळाचा. रिकामाच असतो, मी त्यात छत्री ठेवते."

खरंच छत्री होती.

मग मी बोलले. बसभर रचलेलं सगळं. चोरी, आजोबांची दीक्षा, लाज, पुढच्या पिढ्या. बाई मान हलवत ऐकत होत्या, मधेच चहात बिस्कीट बुडवलं आणि वेळेवर काढलं. संपल्यावर म्हणाल्या, "छान बोलता. तुमचं लग्न?"

"केलं नाही."

"बरं."

पुण्यात "बरं" या शब्दाने खून करता येतो.

"रागावू नका. अहो, कप्प्याशिवाय मला सापडायचं कसं? आई-बाप इथे येऊन रडतात हो, पोरीचं वय चाललंय म्हणून. त्यांना मी तुमचं पुस्तक दाखवू? तुमच्यातलाही कप्पा आहे की, हा बघा." आणि ओढला.

सगळ्यांत वर दीपू.

दिवाळीला मीच घेतलेला निळा शर्ट, दात दाखवून हसतोय. माझ्या चौकटीत. माझं अक्षर. आखूड पानाचं माझं पुस्तक आणि त्यापुढे : बौद्ध. आणि कंसात ते नाव.

आजोबांनी मातीत ठेवलेलं. मी ते इथेही लिहिणार नाही.

"अय्या, हे तुमच्याकडचे का? आडनाव बघायला हवं होतं मी! आई आल्या होत्या यांच्या, ऑक्टोबरात. गोड बाई. त्यांनी सांगितलं बौद्ध. म्हटलं बरोबर आहे, पण त्यातले कोणते? पलीकडचे तेच विचारतात ना."

चहा पिऊन टाकला. का, माहीत नाही. समोर होता म्हणून.

येताना बसमध्ये जागा होती. उभीच राहिले.

३ डिसें.

काल बोलले नाही. आज दोघंही समोर होते.

दीपू, मान खाली : "तुझ्याकडे मागितला असता तर बायोडेटा नसता मिळाला, भाषण मिळालं असतं."

"म्हणून चोराकडून घेतलास?"

"तुझंच डिझाइन होतं ना? मला वाटलं, म्हणजे घरचंच झालं."

हसावं की कानाखाली द्यावी. आईने सांगितलं, ढमढेरेबाईंनी टाइप केलं, याने "ओके" केलं, चौकट माझी. एका कंसाला चौघांचे हात.

आई मटार सोलत होती. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात, साल बाजूला. मी म्हटलं, "तुला काहीच वाटलं नाही? आजोबांचं तरी?"

"सोय म्हणून दिलं. त्यात अपमान कुठे आला?"

"आजोबांनी ते नाव सोडलं होतं, आई!"

शेंग हातातच राहिली तिची. मग म्हणाली, "नाव सोडलं. सोयरीक नाही सोडली. तुझ्या बाबांसाठी माझं स्थळ आलं तेव्हा त्यांनीच विचारलं होतं माझ्या वडलांना, तुम्ही कुठले, कुणातले. कागदावर नव्हतं काही. ओट्यावर बसून विचारलं. जुळलं, म्हणून तू आहेस."

मांडवात कोणी मधेच उठून प्रश्न विचारला तर त्याला बसायला खुर्ची मिळायच्या आत उत्तर देणारी मी.

माझ्या प्रत्येक भाषणात आजोबा असतात. ओट्यावरचे आजोबा कधीच नसतात.

४ डिसें.

मटारची उसळ. कोणी कोणाशी बोललं नाही. उसळ चांगली झाली होती, तेही कोणी बोललं नाही.

७ डिसें., रविवार

आज माझी मूळ फाइल उघडली आणि ती ओळ घालून बघितली. "जात (ऐच्छिक)". फक्त बघायला.

बसली. एक केसभरही इकडे-तिकडे न होता. मी त्या पानाची मापं इतकी निगुतीने केली आहेत की कोणतीही घाण त्यात शोभून दिसते.

न साठवता बंद केली. मग हात धुवून आले. मग स्वतःचाच राग आला. हात धुण्यासारखं काय झालं होतं? आणि फक्त बघायचं होतं, हे तर सगळेच म्हणतात.

एजन्सीला फोन लावला नाही. नंबर मात्र शोधून ठेवला.

१० डिसें.

जिंकले.

बाजाराने मंगलधागाचा नमुना काढून टाकला. "आपली तक्रार ग्राह्य. आपल्या भावना" वगैरे. सकाळी उठून वाचलं आणि खिडकी उघडून हवा घेतली. आईला सांगितलं, "चोर पकडला." ती म्हणाली, "बरं झालं." (हे साधं "बरं". ढमढेरेबाईंचं नव्हे.)

दुपारपासून दुकानात संदेशांचा पाऊस.

"मॅडम मंगलधागाचं बंद झालं, सेम तुमच्याकडे दिसतंय. फक्त जातीचा कॉलम टाकून द्या."

"ताई अर्जंट आहे. पाहुणे रविवारी येणार."

"जास्तीचे देऊ पण कॉलम पाहिजे."

"तुमच्यात पुस्तक आहे तिथे कास्ट करता येईल का?"

येईल. करता येईल, तीच तर बोंब आहे. हंगाम माझ्या दारात रांग लावून उभा आहे आणि मी विकत नाही तेवढी एकच वस्तू मागतोय. हो म्हटलं की लाल बाण वर. सोमवारी फेरतपासणी, शिक्का कायम.

शेवटी ढमढेरेबाईंचा संदेश. हात जोडल्याचं चित्र आणि खाली : "झालं समाधान? आता तुमच्यापायी पोरापोरींची लग्नं खोळंबली बघा."

कोणाकोणाची किळस करायची? माणूस थकतो. आणि थकल्यावर तो हिरवं बटण दाबतो, हेच त्यांना माहीत असतं.

दाबलं नाही. आज नाही दाबलं.

१३ डिसें., शनिवार

सकाळी दीपू माझ्या खोलीत आला, हातात चहा. स्वतः केलेला. म्हणजे काहीतरी मोठं.

सायली. त्याच्याच ऑफिसात, शेजारच्या टीममध्ये. घर अमरावतीचं. दोन वर्षं झाली म्हणे.

"दोन वर्षं? मग ढमढेरेबाईंच्या कप्प्यात काय करत होतास?"

"आईला नाही कसं म्हणायचं? वाटलं, राहील पडून. कोण बघतंय."

सायलीने घरी सांगितलंय की मुलगा आहे, चांगला आहे. बाकी काही नाही. आमचं आडनाव त्यांच्या जातीतही असतं, त्यामुळे तिच्या वडलांनी काय समजायचं ते समजून घेतलंय. खुशीत आहेत. म्हणाले, "रीतसर मुलाचा बायोडेटा पाठवा. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे सगळे बसणार आहोत."

दीपू म्हणाला, "ताई, तूच कर. तुझा खरा. ओळ नसलेला."

ओळ नाही म्हणून माझा नमुना हवा असं चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं. तेही घरातलं. मी उडी मारायला हवी होती.

"लपवायला हवाय तुला?"

"नाही. म्हणजे... नाही गं. तूच म्हणतेस ना, विचारायचं नाही, सांगायचं नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"सगळीकडे म्हणतेस. यूट्यूबवर आहे."

आहे. माझाच आवाज, माझीच मूठ. तेव्हा समोर मांडव होता, भाऊ नव्हता.

आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. वाटलं, आता सायलीवरून रामायण. ती त्या वाटेला गेलीच नाही. फक्त म्हणाली, "नीट लिहा काय ते. उद्या मागाहून कळलं, तर त्या पोरीला दोन्ही घरांत तोंड दाखवता येणार नाही."

"काय लिहू? तू लिहिलंस ते?"

"बौद्ध लिही. सरळ, मान वर करून." मग थांबली. "तो कंस नको. कंस माझी चूक."

आणि गेली. कुकरची शिट्टी झाली होती.

दीपू चहा न पिताच बसून राहिला. म्हणाला, "बौद्ध लिहिलं तर ते नाही म्हणतील, ताई. मला माहितीये. मी दोनदा जेवलोय त्यांच्याकडे. मटण वाढताना काकू कोणाबद्दल काय बोलतात ते ऐकलंय."

१४ डिसें., रविवार

जात न मानणारा आणि जात लपवणारा, दोघांचे बायोडेटा हुबेहूब सारखे दिसतात. चार वर्षांत हे मला एकदाही सुचलं नाही. मी ओळ काढली तेव्हा वाटलं, जागा स्वच्छ केली. त्या जागेत कोण काय झाकेल, याचा विचार करायची मला कधी गरजच पडली नाही. मला कोणाच्या घरी बायोडेटा पाठवायचा नव्हता.

आणि लिहायची म्हटलं तर? "बौद्ध" हे आजोबांचं उत्तर होतं. जातीच्या रकान्यात लिहिलं की तीही एक जात होऊन बसते. तिसरी रांग, वरून चौथा कप्पा, असं काहीतरी.

दुपारी जेवण झाल्यावर दीपूला शेजारी बसवला आणि सुरुवात केली. नाव. उंची. शिक्षण. नोकरी. फोटो तोच, निळा शर्ट. माझ्या नमुन्यात "घरकामात वाटा" अशीही एक ओळ आहे. तो म्हणाला, "लिही, कुकर लावतो."

आई आतून : "खोटं! शिट्ट्या मोजतो फक्त. त्याही चुकतात."

कितीतरी दिवसांनी तिघंही हसलो.

मग पुस्तक आलं.

दीपू चित्राकडे बघत राहिला. "डावं पान छोटं आहे," म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. "मी पुस्तक कुठे वाचतो गं. इथे काय लिहू?"

"तू सांग."

"तू काय लिहिशील?"

माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. दोन्हींवर टाळ्या मिळतील, एक मांडवात, एक घरात. पण अमरावतीच्या बैठकीत हा कागद त्याच्या नावाने जाणार, माझ्या नाही. म्हणून की-बोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

मोबाइल वाजत होता. "मॅडम, कॉलमचं काय झालं?" "ताई रिप्लाय द्या." उद्या शिक्का जाईल. ओळ घातलेली नाही, घालणार नाही. त्याबाबतीत मला काल शंका नव्हती, आज नाही. पण ती न घालण्याचं कारण कालपर्यंत जितकं झगझगीत दिसत होतं तितकं आज दिसत नाही. पुढच्या भाषणात हे कसं सांगायचं, कळत नाही.

दीपू उठला. "थांब. सायलीला विचारतो. तिलाही राहायचंय ना त्या घरात."

आम्ही दोघी ज्या ओळीवरून भांडत होतो ती कोणाच्या जन्माची, हे त्याने असं चालता चालता सांगितलं आणि गॅलरीत गेला.

दार लावून घेतलंय. पाठ दिसते, शब्द ऐकू येत नाहीत. एकदा मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. आई हात पुसत आली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, चष्मा लावला. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे. आखूड पानाच्या पुस्तकापुढे कर्सरची उभी रेघ लुकलुकतेय आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो आहोत.